सोलर ड्रायरवरचा सुकवणी उद्योग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बायकांचा गट पैठण तालुक्यात कांदा, आलं, शेवग्याचा पाला, मिरची असं हंगामाप्रमाणे सुकवून विकतो. पाहायला येणारे आणि फोन करणारे बहुतेक तेच ते विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढलं. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. गच्चीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाळवतोच की. मग ड्रायर वेगळं काय करतो?

ऊन तेच. फरक हवेचा. ड्रायरच्या आत हवा ५० ते ६० अंशांपर्यंत तापते, आणि तापलेली हवा जास्त ओल शोषते. ती ओली हवा पंख्याने किंवा धुराड्यासारख्या नळीने बाहेर गेली की कोरडी आत येते. त्यामुळे गच्चीवर आठवडाभर पसरून ठेवावी लागणारी मिरची तीन-चार दिवसांत खुळखुळ वाजायला लागते. शिवाय धूळ नाही, माशा नाहीत, संध्याकाळी गोळा करून सकाळी पुन्हा पसरायचं नाही, आणि शेजारची शेळी तोंड घालत नाही. शेवटचं कारण लोक हसण्यावारी नेतात, पण अर्धी पाटी डाळीचे सांडगे एका दुपारी गेलेले आम्ही पाहिलेत.

घरच्या पापड-कुरडयांसाठी ड्रायरची गरज नाही. माल अनोळखी माणसाला पैसे घेऊन विकायचा असेल तेव्हा गरज लागते.

२. ड्रायरचे प्रकार किती? कुठला घ्यावा?

ढोबळमानाने तीन. काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकण असलेली पेटी, जिच्यात ऊन थेट मालावर पडतं. पॉलिहाउससारखं घर, पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक कडक प्लास्टिकच्या) पत्र्याचं, आत माणूस उभा राहू शकतो असं. आणि तिसरा, ज्यात हवा बाहेर काळ्या पत्र्याखाली तापते आणि बंद कपाटातल्या ताटांवरून फिरते. मालाला ऊन दिसतच नाही.

पालेभाज्यांना तिसरा घ्या. मेथी, कढीपत्ता, शेवगा थेट उन्हात पिवळे पडतात, वासही उडतो. मिरची, हळद, आलं, आवळा यांना पॉलिहाउस उत्तम. पेटी शिकण्यापुरती.

घेताना ताटाची जाळी हाताने चाचपून पाहा. आम्हाला एका पुरवठादाराने जस्ताचा मुलामा दिलेली साधी जाळी स्टीलची म्हणून लावून दिली होती. कांद्याला काही झालं नाही. टोमॅटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीच्या खाली करडी चौकडी उमटलेली. आंबट पदार्थ जस्त खातो. अख्खं ताट उकिरड्यावर गेलं. जाळी फूड ग्रेड स्टेनलेस, ३०४ नंबरची, हे बिलावर लिहून घ्या. पत्रा अतिनील किरणांना टिकणारा आहे का तेही विचारा, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत तो पिवळा पडून तडकतो.

ड्रायरचं तोंड दक्षिणेला. आजूबाजूला झाड असेल तर त्याची सावली डिसेंबरात कुठवर येते ते आधी पाहून ठेवा, मे महिन्यात पाहून जागा ठरवू नका.

३. एक ट्रॉली कांदा एका वेळी टाकता येईल ना?

नाही. गैरसमज सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून हिशेब पूर्ण मांडते.

सुकवणं म्हणजे पाणी उडवणं. १ किलो पाणी वाफ करून घालवायला सुमारे ०.६५ युनिट (विजेच्या बिलातलं तेच युनिट) इतकी उष्णता लागते. ड्रायर कुठल्याही कंपनीचा असो, यातून सुटका नाही. आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ ते ५.५ युनिट ऊन पडतं. त्यातलं पंचवीस ते तीस टक्केच चांगला ड्रायर पाणी उडवायला वापरू शकतो. म्हणजे एका चौरस मीटरमागे दिवसाला जेमतेम २ किलो पाणी.

आता १० बाय २० फुटांचं पॉलिहाउस घ्या. क्षेत्रफळ साडेअठरा चौरस मीटर. दिवसाला ४० किलोच्या आसपास पाणी उडेल. कापलेला कांदा ४५ किलो टाकलात तर साडेचार किलो सुका हातात येतो. कांद्याचा एक कट्टाही पुरता संपत नाही! तीस क्विंटलची ट्रॉली रिकामी व्हायला दोन महिन्यांहून जास्त लागतील, आणि तोवर उरलेला कांदा कोंब काढून मोकळा होईल.

विक्रेता ‘रोज २०० किलो’ म्हणत असेल तर त्याला एवढंच विचारा: कलेक्टर, म्हणजे ऊन झेलणारा भाग, किती चौरस मीटरचा आहे? उत्तराला दोनने गुणा. तेवढे किलो पाणी रोज निघेल. बाकीचं तो कुठून काढणार हे त्यालाच सांगू द्या.

४. किती ओल्याचं किती सुकं मिळतं?

मालात घन भाग किती यावर उतारा ठरतो. सोलून-निवडून झालेल्या मालाचे ढोबळ आकडे असे: लाल कांदा ९-१० किलोचा १ किलो, प्रक्रियेसाठीचा पांढरा कांदा ६-७ किलोचा, टोमॅटो १६ ते १८ किलोचा, मेथी आणि बीट ८ च्या आसपास, आलं ५, हळद ५, शेवग्याचा पाला ४-५, पिकलेली लाल मिरची ४.

सुकवणीचे मोठे कारखाने पांढऱ्या कांद्यामागे का असतात ते यावरून कळेल. त्यात साखर-क्षार जास्त, म्हणजे उडवायचं पाणी कमी. गुजरातचं महुवा याच धंद्यावर उभं आहे, आणि जळगावच्या जैन इरिगेशननेही सुकवणीसाठी पांढऱ्या कांद्याची लागवड करारावर करून घेतली. आपला खरिपाचा पाणीदार लाल कांदा या कामाला सगळ्यात वाईट.

टोमॅटोचा आकडा पुन्हा एकदा वाचा. भाव पडला की रस्त्यावर ओतलेला टोमॅटो पाहून ‘हा सुकवला का नाही’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी १ किलोसाठी १५-१७ किलो पाणी उडवून पाहावं.

५. मग सुरुवात कशाने करावी? काहीतरी वेगळं सुचवा.

वेगळं शोधण्याआधी गिऱ्हाईक शोधा. गाव तेच, ऊन तेच, ड्रायर तोच, पण एक गट चालतो आणि दुसरा बंद पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कल्पकता मात्र लागते, आणि ती यंत्रात नाही, माल निवडण्यात लागते. शेतात जे फुकट किंवा जवळपास फुकट पडलंय आणि ज्यात पाणी कमी आहे ते पाहा. शेवग्याची छाटणी झाली की पाला बांधावर पडतो. शेंगेसाठी लावलेलं झाड, पाला वरकड. आल्याचे तुटके कंद बाजारात चालत नाहीत, सुंठीला चालतात. लिंबाच्या रसाचा धंदा करणाऱ्याकडे सालं साठतात. आम्ही एकदा कांद्याची सालंही विकली. नैसर्गिक रंगाचं काम करणाऱ्या एका बाईंनी पोतं भरून नेली. तुरटी लावलेल्या सुताला त्यातून पिवळा-तांबूस रंग येतो.

जुन्या माणसांचे शोधही पाहा. वसईची सुकेळी घ्या: राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळलेल्या पानात बांधायची. पदार्थ टिकतो, वेष्टन शेतातलं. कोकणातलं आमसूल बघा, कोकमाची सालं त्याच फळाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवतात. आजचे सल्लागार ज्याला मूल्यवर्धन म्हणतात ते या लोकांनी नाव न देता करून ठेवलंय.

६. कांद्याचा भाव पडला की सुकवायचा, चढला की विकायचा. सोपा धंदा आहे ना?

ऐकायला. करायला नाही.

सोलताना, शेंडा-बूड काढताना जाणारं धरून १ किलो सुक्या कांद्याला आमच्याकडे १२ किलो कच्चा लागतो. भाव किलोला १० रुपये असेल तर नुसत्या कांद्याचे १२० रुपये झाले. ३० रुपये असेल तर ३६०. त्यावर सोलणं-कापणं, वेष्टन, वाहतूक. आता मसाला कारखान्याने तुमच्याशी वर्षभराचा एकच दर ठरवलाय. भाव चढला की प्रत्येक किलोमागे तुम्ही बुडता. भाव पडला की तुमच्यासारखे शंभर जण सुकवतात आणि खरेदीदार दर पाडून मागतो. कांद्याचा भाव तर फक्त पावसावर हलत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून ती उठली, शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. असल्या झोक्यांवर वर्षाचा करार कोण करणार?

आम्ही दोन गोष्टी करतो. करार तीन महिन्यांपेक्षा लांबचा करत नाही. आणि बाजारातला कांदा न घेता गटातल्याच बायकांच्या कांदाचाळीतली गोल्टी (बारीक कांदा) आणि जोडकांदा घेतो, ज्याला व्यापारी तसाही निम्मा भाव देतो. एकट्या कांद्यावर धंदा उभा करू नका, इतकं नक्की.

७. माल पुरता वाळला हे कसं ओळखायचं? मॉइश्चर मीटर घ्यावाच लागतो का?

विक्री वाढली की घ्या. तोवर हात आणि बरणी पुरतात. कांद्याची, बिटाची चकती वाकवली तर ‘कट्’ आवाज होऊन मोडली पाहिजे. वाकली तर ओल आहे. पाला मुठीत चुरगळला की पूड व्हावा. आलं मोडल्यावर आत गडद, ओलसर गाभा दिसता कामा नये.

मग बरणीची परीक्षा. थंड झालेला माल काचेच्या कोरड्या बरणीत दोन-तृतीयांश भरायचा, झाकण घट्ट लावायचं आणि तासभर उन्हात ठेवायची. आतून दव धरलं तर अख्खा माल परत ताटात. दव नसलं तरी आठवडाभर तसाच ठेवून रोज एकदा हलवायचा, म्हणजे जास्त वाळलेला तुकडा कमी वाळलेल्याची ओल शोषून घेतो आणि सगळा माल एकसारखा होतो. हा आठवडा गाळून पॅकिंग केलेला माल आम्हाला एका खरेदीदाराने परत पाठवला होता. पाकिटाच्या कोपऱ्यात बुरशीचा पांढरा ठिपका, बाकी माल नामी. चूक आमची होती.

गरम माल कधीही पाकिटात भरू नका. संध्याकाळी ताटं उतरवून लगेच भरण्याचा मोह सगळ्यांना होतो.

८. चकत्या वरून कडक झाल्या पण आतून ओल्याच. शिवाय रंग काळपट. काय चुकलं?

दोन वेगळ्या चुका. पहिली घाईची. सुरुवातीलाच फार उष्णता दिली की वरचा थर कातड्यासारखा होतो आणि आतलं पाणी अडकतं. पहिले दोन-तीन तास हवा जास्त खेळू द्या, तापमान ५० च्या आसपास ठेवा, नंतर वाढवा. चकत्याही एकसारख्या हव्यात, तीन-चार मिलिमीटरच्या. हाताने कापणाऱ्या पाच जणींच्या चकत्या पाच प्रकारच्या होतात. हातयंत्र घ्या, त्याचे पैसे लवकर वसूल होतात.

काळेपणा कापलेल्या भागाला हवा लागल्याने येतो. बटाटा, गाजर, बीन्स, पालक उकळत्या पाण्यातून मिनिट-दोन मिनिटं काढून लगेच गार पाण्यात टाकले की रंग राहतो. कांदा, लसूण, आलं उकळायचं नाही, तिखटपणा जातो. सफरचंद, केळं, चिकू यांना लिंबाच्या पाण्यात बुडवणं पुरे.

९. पावसाळ्यात ड्रायर बंदच ठेवायचा का?

मराठवाड्यात दोन पावसांमधल्या उघडिपीत थोडंफार चालतं. कोकणात जून ते सप्टेंबर नुसत्या उन्हावर विसंबू नका. हवाच ओलीने भरलेली असते, ती मालातून काय ओढणार.

उपाय म्हणजे जोडीला दुसरी उष्णता. भट्टीत पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या), तुरकाट्या, भुईमुगाची टरफलं जाळून हवा तापवायची. आमच्या भागात पऱ्हाटी शेतात ठेवणं तसंही धोक्याचं, गुलाबी बोंडअळी तिच्यात तग धरते. पण भट्टीचा धूर मालाला लागता कामा नये. धूर पाइपातून, हवा पाइपाबाहेरून, असाच बंब हवा. तीन विटांची चूल मांडून धूर आत सोडण्याचा जुगाड करू नका. मालाला वास लागतो आणि धुरातली घातक रसायनंही बसतात.

दुसरा मार्ग विजेचा, हीट पंप ड्रायर. साध्या कॉइलच्या ड्रायरपेक्षा तो बराच कमी वीज खातो, पण किंमत गटाला झेपणारी नसते. तिसरा मार्ग आम्ही पत्करलेला: जून ते ऑगस्ट सुकवणं बंद. उन्हाळ्यात सुकवलेल्या मालाची निवड, दळण आणि विक्री तेव्हा.

१०. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये तर काहीच यंत्र नसतं. मग ड्रायर लागतोच कशाला?

चांगला प्रश्न. सांगली-तासगावचा बेदाणा हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा सुकवणी उद्योग, आणि तो सावलीतल्या रॅकवर चालतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने मण्यावरची मेणासारखी साय मोडते आणि पाणी झपाट्याने निघतं. पुढचं काम फेब्रुवारी-मार्चची कोरडी वाहती हवा करते, पंधरवड्याच्या आत. सावलीमुळे हिरवा रंग राहतो.

थोडक्यात, ऊन नाही तर कोरडी हवा आणि मालाची पूर्वतयारी हे खरं यंत्र. जिथे ते जमतं तिथे ड्रायरवर पैसे घालू नका. बेदाण्याचा शत्रू अवकाळी. मार्चात पाऊस झाला की शेडमधला माल काळा पडतो, आणि एवढा माल कोणत्याही सोलर ड्रायरमध्ये मावत नाही (प्रश्न ३).

११. परवाने कोणते लागतात?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी सगळ्यात आधी. ती फॉसकॉस या पोर्टलवर होते. वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला १०० रुपये वार्षिक शुल्काची साधी नोंदणी, त्यावर परवाना, अशी कित्येक वर्षं रचना होती. मर्यादा बदलत असतात, अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरच वाचा. पाकिटावर नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, किती काळ टिकेल, पत्ता, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक. गंधकाची धुरी दिलेली असेल आणि सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर तेही लिहावं लागतं, काही जणांना त्याने दम्यासारखा त्रास होतो.

मिरची निर्यातीला द्यायची असेल तर अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, तपासणी. मसाल्यांत आपल्याकडची मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम, युरोपची मिरचीसाठी १०. ओली मिरची ढिगात ठेवून सावकाश वाळली की हे विष तयार होतं. मिरचीला ड्रायर घेण्याचं सगळ्यात भक्कम कारण मला हेच वाटतं.

१२. अनुदान मिळतं का?

केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, २०२० साली सुरू झाली. वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाला जोडून. बचतगटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. मुदत आणि शिल्लक निधी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

माझं मत विचाराल तर पहिला छोटा ड्रायर स्वतःच्या पैशाने घ्या. अनुदानासाठी घेतलेले मोठे ड्रायर पुढे कोंबड्या ठेवायला वापरलेले मी दोन गावांत पाहिलेत.

१३. पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहिलं तर चालेल? आम्ही खरंच फवारत नाही.

फवारत नाही हे तुम्हाला माहीत. गिऱ्हाइकाला दाखवायला प्रमाणपत्र लागतं. गटाने मिळून करायचं पीजीएस-इंडिया किंवा निर्यातीला चालणारं एनपीओपी. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला नियमात थोडी सवलत आहे, पण सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह त्यालाही छापता येत नाही. ‘उन्हात सुकवलेलं’ हे मात्र खरं असेल तर बिनधास्त लिहा. भट्टीवर सुकवलेल्या मालावर लिहू नका.

१४. ऊन फुकट, वीज नाही. म्हणजे हा धंदा पर्यावरणपूरक आहेच ना?

ते ड्रायर कशाच्या जागी आला यावर ठरतं.

लाकडावर सुकवत होतात आणि आता उन्हावर सुकवता, तर मोठा फायदा. १ किलो सुक्या कांद्यासाठी ९ किलो पाणी, म्हणजे ६ युनिट उष्णता. १ किलो वाळलेल्या लाकडात ४ युनिटच्या आसपास असते, त्यातली गावठी भट्टीत पाव हिस्साच कामी येते. हिशेब केला तर किलोभर सुक्या कांद्याला सहा किलो सरपण वाचलं. विजेच्या ड्रायरच्या जागी आला तरी फायदा, कारण आपली वीज अजून बरीच कोळशाची. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

पण गच्चीवर चादरीवर वाळणारी मिरची ड्रायरमध्ये नेलीत तर कार्बन काहीच वाचला नाही. उलट पॉलिकार्बोनेट आणि लोखंड वाढलं. माल स्वच्छ झाला, दर चांगला आला, हे खरं. पण झाडं वाचवली म्हणू नका.

तिसरी बाजू वाया जाण्याची. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार काढणीनंतर किरकोळ दुकानापर्यंत पोचण्याआधीच जगातलं सुमारे १४ टक्के अन्न नासतं. उकिरड्यावर कुजणारी गोल्टी सुकवून विकली तर तिच्यावर घातलेलं पाणी, खत, डिझेल वाया गेलं नाही. आमच्या मते हा फायदा सरपणाहून मोठा.

बाहेरची उदाहरणंही असाच हिशेब लावून पाहावीत. थायलंडच्या सिल्पाकोर्न विद्यापीठाने पॉलिकार्बोनेटचे घुमटाकार ड्रायर विकसित केले, आणि फित्सानुलोक प्रांतातल्या बांग क्राथुमच्या केळी सुकवणाऱ्यांनी ते घेतले. तिथे आधी केळी उघड्यावर वाळायची, म्हणून फायदा मुख्यतः दर्जाचा. बुर्किना फासोचा सुका आंबा युरोपात जातो, पण तिथले बहुतेक ड्रायर गॅसवर चालतात. तिथे ऊन जोडलं तर इंधन थेट वाचतं.

१५. मग कार्बन क्रेडिटचे, म्हणजे हवेत न सोडलेल्या कार्बनबद्दलचे, पैसे मिळतील?

एका ड्रायरला नाही. प्रश्न ३ मधलं पॉलिहाउस वर्षाला १५० चांगले दिवस चाललं तर ६,००० किलो पाणी उडेल. ते विजेने उडवायला किलोमागे १ युनिट धरलं तर ६,००० युनिट, म्हणजे ४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तेही आधी विजेचा ड्रायर होता असं सिद्ध झालं तर. तपासणीचा खर्चच त्याहून जास्त. शेकडो ड्रायर एकत्र बांधणारी कंपनी हे करू शकते. तिने क्रेडिटचा हक्क कागदावर तुमच्याकडून लिहून घेतला असेल तर त्यातला वाटा विचारा.

१६. कंपनी ड्रायर देते, कच्चा मालही देते आणि सुका माल परत घेते. सही करावी का?

हे मॉडेल आपल्याच भागात वाढलंय. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेली एस४एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी ग्रामीण बायकांना सौर ड्रायर देऊन सुकवलेला माल विकत घेते. तिला पर्यावरणाच्या कामासाठीचा २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. बाजाराची जोखीम कंपनीवर, मजुरी तुमची, हा तिथला गाभा. घरची जनावरं आणि पोरं सांभाळून चार पैसे हवे असणाऱ्या बाईला हे स्वतःचा ब्रँड काढण्यापेक्षा बरं पडू शकतं.

कोणत्याही कंपनीचा कागद असो, चार ओळी शोधा. माल नाकारला तर नुकसान कुणाचं. ओलावा कुणाच्या मीटरने मोजणार. महिन्यात किमान किती काम देणार. आणि ड्रायर कुणाच्या नावावर. आमच्याच ओळखीतल्या एका गटाने मीटरची ओळ वाचली नव्हती. घरी ७ टक्के भरलेला माल गोदामात ९ भरायचा आणि दर कापला जायचा. चूक मीटरची की वाटेतल्या दमट हवेची, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

१७. प्लास्टिकच्या पाकिटाचं काय? उन्हात सुकवून चकचकीत पाऊचमध्ये भरणं पटत नाही.

आम्हालाही नाही. पण सुका कांदा कागदात भरला तर आठवड्यात हवेतली ओल ओढून चिवट होतो. चांदीसारख्या थराचा पाऊच माल टिकवतो, आणि त्याचा पुनर्वापर जवळपास होत नाही. तोडगा असा काढलाय: कारखान्याला-केटररला २० किलोच्या कागदी गोणीत, आत एकच जाड पिशवी, ती परत येते. गावातल्या गिऱ्हाइकाला त्याच्या बरणीत. शहरात कुरियरने जातं तेवढंच पाऊचमध्ये.

१८. हे उत्पन्न शेतीचं धरतात की धंद्याचं? कर लागेल?

यात लोक हमखास फसतात. स्वतःच्या शेतातला माल बाजारात नेण्याजोगा करायला शेतकरी सर्वसाधारणपणे जी प्रक्रिया करतो, ती शेतीतच धरली जाते. आपली मिरची वाळवून विकली तर शेती. त्याच मिरचीची पूड करून ब्रँडच्या पाकिटात विकली तर वाद उभा राहू शकतो. शेजाऱ्याची मिरची विकत घेऊन सुकवली तर तो सरळ धंदा. गटाचं खातं असेल तर पहिल्या दिवसापासून ‘घरचा माल’ आणि ‘खरेदीचा माल’ अशा दोन वह्या ठेवा आणि वर्षातून एकदा सीएला दाखवा. जीएसटीतही सुटा माल आणि पाकीटबंद माल यांचा हिशेब वेगळा असतो.

१९. आमच्या गटात काम सगळ्या करतात, पण पैसे खात्यावर येतात तेव्हा भांडणं होतात. तुम्ही कसं वाटता?

आधी दिवसाच्या हजेरीवर वाटायचो. मग कळलं की कांदा सोलणारीचे डोळे दिवसभर वाहतात आणि ताटं फिरवणारी सावलीत बसते, हजेरी मात्र सारखी. आता सोलणं-कापणं किलोवर, ताटं आणि पॅकिंग तासावर. विक्री करणाऱ्या दोघींना फोनचं रिचार्ज आणि एसटीचं भाडं वेगळं. दर महिन्याच्या बैठकीत वही मोठ्याने वाचली जाते. ज्या बाईच्या नावावर जागा आहे तिला भाडं मिळतं, पण ते तिच्याच हातात द्यायचं, तिच्या नवऱ्याच्या नाही. हा ठराव आम्हाला दोनदा करावा लागला.